शस्त्रपूजेला एक पाऊल पुढे

नव्वदीच्या मध्यावर माझी पोस्टिंग बंगलोरला झाली. तेव्हा सगळे बंगलोरच म्हणत. त्याआधी मी राजस्थानात वाळू खात होतो, त्यामुळे मूव्हमेंट ऑर्डर हातात पडल्यावर ती पुन्हा एकदा वाचून खात्री केली. शहराच्या पूर्वेला, होसकोट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं वर्कशॉप होतं. सैन्याच्या गाड्या बिघडायच्या, आम्ही दुरुस्त करायचो. दुरुस्त झालेल्या गाड्या युनिटवाले पुन्हा बिघडवून आणायचे. मी व्हेईकल मेकॅनिक, नायक दिलीप जाधव. गाव नगर जिल्ह्यातलं. धर्म ख्रिस्ती.

हे शेवटचे दोन शब्द इथे सहज लिहून गेलो. बंगलोरमध्ये ते तोंडातून बाहेर पडायला मला तीन गणपती आणि तीन दसरे लागले. त्याचीच ही हकीकत आहे.

नगरकडे ख्रिस्ती माणसाचं आडनाव जाधव असेल तर कुणी मान वळवून बघत नाही. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आडनाव होतं तेच ठेवलं. गायकवाड, शिंदे, साळवे, सगळे आमच्या देवळात रविवारी एका बाकावर बसतात. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पण हे नगरच्या बाहेर माहीत नाही, आणि हिमाचलात तर मुळीच नाही. आमचे सीनियर जेसीओ सुभेदार रणबीर सिंग हिमाचलचे होते. मिशीला तेल, बुटाला पॉलिश आणि आवाजाला दोन्ही. मी रिपोर्ट केला तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जाधव. मराठा? शिवाजी महाराज के मुलुक से?"

मी खोटं बोललो नाही. नगर जिल्हा महाराजांच्या मुलुखात येतोच. म्हटलं, "जी साहब."

"बढ़िया. गणपती आ रहे हैं. अपना मराठा पोस्टिंग चला गया. आरती तू करेगा."

"जी साहब."

सैन्यात "जी साहब" आधी येतं आणि विचार मागाहून येतो. कधीकधी तो पोचतच नाही. शिवाय खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. राजस्थानात मला कुणी ओळखत नव्हतं. इथे पहिल्या दिवशी मी एकदम महाराजांचा माणूस झालो होतो. कागदांवर माझा धर्म लिहिलेला होता, पण जाधव हे नाव दिसल्यावर कागद कोण वाचतो?

गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी सगळं वर्कशॉप शेडमध्ये उभं होतं. बिहारी, तमिळ, पंजाबी, गढवाली. आरतीचं पहिलं कडवं मला पाठ होतं. गावात ख्रिस्ती वस्ती आणि मारुतीचं देऊळ यांच्यात फक्त एक बोळ होता, आणि तिथल्या गणपतीचे मोदक मिळायचे ते आरती संपल्यावर. त्यामुळे आम्हा मिशनच्या पोरांची हजेरी पक्की असायची. दुसऱ्या कडव्यापर्यंत मात्र आमचं लक्ष मोदकांकडे गेलेलं असायचं. ते आता नडलं. पहिलं कडवं संपलं आणि डोकं कोरं झालं. टाळ्या चालू, घंटा चालू, सुभेदारसाहेबांचे डोळे मिटलेले. थांबता येत नव्हतं. तोंडाने आपलं आपण काहीतरी धरलं. चाल आरतीची आणि शब्द आमच्या रविवारच्या उपासनेतल्या गीताचे. त्यात कळप होता, मेंढपाळ होता, हरवलेलं कोकरू होतं. ते कोकरू सापडेपर्यंत मी गात राहिलो आणि शेवटी जोरात मोरया म्हटलं.

सुभेदारसाहेबांनी डोळे उघडले. ते ओले होते. "ओरिजिनल मराठी आरती," ते पंडितजींना म्हणाले. पंडितजी म्हणजे आमचे धर्मगुरू, नायब सुभेदार. त्यांनी मान डोलावली. मराठी त्यांनाही येत नव्हती.

वर्कशॉपात मराठी कळणारा एकच माणूस होता आणि तो माझ्या ध्यानातच नव्हता. स्टोअरकीपर रामोजीराव. सिव्हिलियन. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपासून बंगलोरात होतं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि स्टोअरमध्ये कुणी सामान मागायला गेलं की फक्त मौन. दुसऱ्या दिवशी मी ब्रेक-लायनर मागायला गेलो.

"जाधवराव, आरती बेस झाली बरं का."

"थँक्यू अण्णा."

"पण त्यात ते मेंढपाळ कुठून आले ओ? आमच्या घरच्या आरतीत मेंढरं न्हाईत."

मी म्हणालो, "नगरकडची पद्धत आहे."

"सरी, सरी. असंल की." अण्णांनी लायनर पुढे सरकवले. "धनगर लोक जास्ती असतील तिकडं."

ते परत यावर एक शब्द बोलले नाहीत. पण पुढच्या सगळ्या आरत्यांना ते पहिल्या रांगेत येऊन उभे राहू लागले आणि दुसऱ्या कडव्याला माझ्याकडे टक लावून बघू लागले. मी घाबरून खरं दुसरं कडवं पाठ केलं.

रविवारची वेगळी तऱ्हा. ख्रिस्ती जवानांना चर्चला न्यायला सकाळी वनटन गाडी लागायची. केरळची आणि मिझोरामची पोरं इस्त्रीचे कपडे घालून तिच्यात बसत. मी त्या गाडीत बसणार कसा? मी तर महाराजांचा माणूस. शिवाजीनगरच्या बाजूला एका चर्चच्या हॉलमध्ये दुपारी चार-पाच मराठी कुटुंबांची उपासना होत असे. तिथे मी माझ्या जुन्या स्कूटरवर जायचो. बॅरेकमध्ये सांगायचो, स्कूटरचं सामान आणायला शिवाजीनगरला चाललोय. पुरावा म्हणून येताना एखादा नट, एखादं बेअरिंग, एखादी केबल आणायचो. वर्षभरात इतकं सामान जमलं की त्यातून दुसरी स्कूटर उभी राहिली असती. पहिली मात्र तशीच खोकत होती. सुभेदारसाहेब मेकॅनिक माणूस. एकदा म्हणाले, "जाधव, तू दूसरों की गाड़ियाँ ठीक करता है और तेरी अपनी स्कूटर हर हफ़्ते मरती है, ये क्या है?" मी म्हटलं, "साहब, पुराना मॉडेल है."

तिसऱ्या वर्षी फॅमिली क्वार्टर मिळालं आणि मार्था आली. माझी बायको. शेजारणी तिला जाधव भाभी म्हणत, त्यामुळे नाव विचारायची वेळ कुणावर आली नाही. गणपतीत ती बायकांच्या बाजूला उभी राहून माझी आरती ऐकत होती. घरी आल्यावर तिने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवळात कधी इतक्या जोरात गायला न्हाई तुम्ही."

"ड्यूटी आहे ती."

"आरती वाईट न्हाई. चांगली लोकं आहेत, मनापासून करतात." तिने भाकरी उलटली. "तुम्ही करता ते कशापासून?"

"सांगणार आहे साहेबांना. वेळ बघून."

"दोन वर्षं पुरली न्हाईत का वेळ बघायला?"

मी जेवलो. त्या दिवशी भाकरी चावायला जरा कठीण होती, एवढंच आठवतं.

आता दसरा. त्या वर्षी शस्त्रपूजेला ब्रिगेडियरसाहेब यायचे होते. आणि नेमके पंडितजी टायफॉइड होऊन हॉस्पिटलात गेले. नेहमी आरतीपुरतं माझं काम असे. संकल्प, मंत्र, सगळं पंडितजी बघत. आता ओसींच्या कॉन्फरन्समध्ये सुभेदारसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "सर, पूरी पूजा जाधव कराएगा. मराठा है, शस्त्रपूजा इनके खून में है." ओसी म्हणजे आमचे मेजरसाहेब. त्यांनी लिहून घेतलं. आरतीत मी उभा राहत होतो तोवर मनाला समजावत होतो की गातोय, बस. आता सबंध युनिटच्या वतीने मी देवापुढे बसणार होतो. त्यांचा पुजारी म्हणून. पुढच्या महिन्यात हवालदारीच्या बढतीचं पॅनेल होतं. माझं नाव त्यात होतं आणि शिफारस सुभेदारसाहेबांची होती.

शूर माणसाने अशा वेळी काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी एमआय रूममध्ये गेलो. डॉक्टरांनी घशात टॉर्च मारली.

"काही नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर."

"सर, आवाज पूर्ण बसलाय."

हे मी चांगल्या खणखणीत आवाजात बोललो. डॉक्टरांनी टॉर्च बंद केली. सैन्यात पीटीची सूट मिळते, दाढीची सूट मिळते. पूजेची सूट अजून निघालेली नव्हती.

पण मी घसा दाखवून आलो ही बातमी पसरली. संध्याकाळी रिहर्सलसाठी फॉलइन होतं. सुभेदारसाहेब सगळ्यांसमोरून चालत माझ्याकडे आले. हातात स्टीलचा ग्लास. स्वतः उकळून आणलेला काढा. ज्येष्ठमध, आलं, काळी मिरी. त्यांच्या बोटांना चटका बसत होता म्हणून ते ग्लास या हातातून त्या हातात घेत होते.

"पी ले. कल मेरी इज़्ज़त तेरे गले में है."

मी प्यायलो. गरम होता. सगळा प्यायलो, कारण पितोय तोवर बोलायला लागत नव्हतं. मग ग्लास रिकामा झाला.

"साहब, ओसी साहब का इंटरव्ह्यू चाहिए."

"किसलिए?"

"पूजा के बारे में."

"मुझे बोल."

आमच्या मागे सगळं वर्कशॉप सावधानमध्ये उभं होतं. हळू बोलायला हवं होतं. पण काढ्याने घसा असा मोकळा झाला होता की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"साहब, मैं ईसाई हूँ."

 सुभेदारसाहेबांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला.

"दो साल?"

"जी साहब."

ते थोडा वेळ त्या ग्लासाच्या तळाकडे बघत राहिले. मग वळले. "लाइन तोड."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते ग्लास धुवायला नळावर गेले.

तासाभरात मी ओसींच्या समोर होतो. सुभेदारसाहेबांनीच मार्च करून आत नेलं, कारण पद्धतच तशी आहे. तक्रार ज्याच्याबद्दल असेल, त्याच्याच हाताने वरच्याकडे जावं लागतं. मेजरसाहेब कमी बोलणारे. पेन्सिल टेबलावर उभी करायची आणि पडू द्यायची, अशी त्यांची सवय. बोलणं हिंदी-इंग्रजीत झालं, इथे मराठीत लिहितो.

"तू चार्जवर नाहीस, जाधव, तुझ्यावर आरोप नाही. आरामात बोल. पूजेला येणार नाहीस?"

"येणार, सर. सगळ्यांच्या आधी येणार. मंडप लावीन, शस्त्रं साफ करून मांडीन, परेडला उभा राहीन. फक्त पूजा सांगायला मला बसवू नका, एवढी विनंती आहे."

"कारण?"

मी रात्रंदिवस मनात याचं उत्तर घोळवत होतो. त्यातलं काहीच आठवलं नाही. "सर, मी प्रभू येशूला मानतो. प्रार्थना त्याच्याकडेच करतो. जवान माझ्यामागे हात जोडून उभे राहतात ते मी त्यांच्यातर्फे बसलोय असं समजून. त्यांची पूजा खरी आहे, सर. पूजा सांगणाराही खरा पाहिजे."

पेन्सिल पडली. मेजरसाहेबांनी ती उचलली नाही.

"हे दोन वर्षांपूर्वी सुचलं नाही?"

"सर, मला उशिरा सुचतं."

"पुढच्या महिन्यात पॅनेल आहे. ठाऊक आहे?"

"येस सर."

"धमकी देत नाहीये. ठाऊक असून आलास का, एवढंच विचारतोय."

"ठाऊक असून आलो, सर."

त्यांनी माझ्यामागे पाहिलं. "साहब, आपका क्या कहना है?"

सुभेदारसाहेबांचा आवाज माझ्या मानेवर आला. "सर, लड़का काम का है."

"और?"

"और कुछ नहीं, सर."

"ठीक आहे," मेजरसाहेब म्हणाले. "ज्याचा विश्वास नाही त्याच्याकडून पूजा करवून घेणारा ओसी मी नाही. पण ब्रिगेडियर साहेबांना तुझं नाव कळवून झालंय. त्यांनी विचारलं तर मी काय सांगू?"

इथे गप्प बसायचं होतं. मी म्हणालो, "सर, मीच सांगतो."

मेजरसाहेब पहिल्यांदा हसले. "गुड. मग तूच सांग."

बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसलोय.

पूजा कोण सांगणार, हा प्रश्न उरला. सुभेदारसाहेब माझ्याशी न बोलता सरळ स्टोअरमध्ये गेले. मी दारापाशी थांबलो. आत अण्णांचं हिंदी चाललं होतं. त्यांच्या घरी दर नवमीला जुनी तलवार पूजतात, मंत्र येतात, स्वल्प विसरलेत ते बायकोला विचारून घेतो. पण एक अट. कोहळा पाहिजे. बंगलोरात गाडीसमोर कोहळा फोडल्याशिवाय आयुधपूजा झाली असं कुणी मानत नाही.

सुभेदारसाहेब बाहेर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोहळा लाएगा जाधव."

मी स्कूटर काढली. त्या दिवशी शिवाजीनगरचा बाजार फुलला होता. रिक्षांना झेंडूच्या माळा, गॅरेजसमोर केळीचे खांब, लेथवर हळदीकुंकू. गर्दीतून मी एक भला मोठा भोपळा पायांमध्ये धरून आणला आणि अण्णांसमोर ठेवला.

अण्णांनी त्यावर टिचकी मारली. "जाधवराव, हा सांबारचा ओ. तांबडा. कोहळा पांढरा असतोय, राख फासल्यावानी."

"यात काय फरक?"

"मेंढरू आणि उंदीर यात काय असतोय तो."

मी परत गेलो. तांबडा भोपळा मार्थाने घेतला. आठवडाभर आमच्याकडे दुसरी भाजी झाली नाही.

दसऱ्याची सकाळ. शस्त्रं मांडलेली, गाड्या धुतलेल्या, बंद गाड्या ओढून आणणाऱ्या रिकव्हरी व्हेईकलला हार. चाकांखाली लिंबं. ब्रिगेडियरसाहेब आले. मोठं शरीर, बारीक आवाज. ओळीसमोरून चालत ते म्हणाले, "वो मराठा कहाँ है, जिसकी आवाज़ की इतनी तारीफ़ सुनी?"

मेजरसाहेब समोर बघत होते. सुभेदारसाहेब समोर बघत होते. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि सॅल्यूट केला.

"श्रीमान, नायक जाधव. श्रीमान, मैं ईसाई हूँ. प्रभु येशू को मानता हूँ. पूजा स्टोअर के अण्णा कराएँगे, उनको आती है. मैं परेड में हाज़िर हूँ. आपके लिए और सबके लिए दिल में मान है, श्रीमान, उसमें कोई कमी नहीं."

ब्रिगेडियरसाहेबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "हाथ नीचे कर."

मी सॅल्यूटमध्येच बोलत होतो. हात खाली घेतला.

"आरती किसी ने ज़बरदस्ती करवाई थी?"

"नहीं श्रीमान. मैंने ही किसी को बताया नहीं."

"कैसी करता था?"

हे मला विचारलं नव्हतं. उत्तर सुभेदारसाहेबांनी दिलं, समोर बघतच. "बहुत अच्छी करता था, सर."

मला तेव्हा कुणी चार्जवर घेतलं असतं तरी चाललं असतं. ते वाक्य ऐकायला जास्त जड होतं.

ब्रिगेडियरसाहेब म्हणाले, "ठीक है. पहले पूजा. उसके बाद दो मिनट तेरी प्रार्थना. सब सुनेंगे."

अण्णांनी पूजा सुरेख केली. मंत्र विसरले तिथे कन्नड वापरलं, हे माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही, आणि मी त्याबद्दल बोलण्याच्या लायकीचा नव्हतो. कोहळा असा फोडला की ब्रिगेडियरसाहेबांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत शिंपली गेली. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

आमच्या देवळात पाळकसाहेब दर रविवारी सत्तेवर असलेल्यांसाठी प्रार्थना करतात. राष्ट्रपती, पंतप्रधान, सगळे अधिकारी. लहानपणापासून कानावर पडलेली तीच एक प्रार्थना मला त्या वेळी सापडली. मराठीत सुरू केली. राष्ट्रपतींसाठी मागितलं. सेनाध्यक्षांसाठी मागितलं. तिथे माझ्या लक्षात आलं की सेनाध्यक्ष आणि ब्रिगेडियर यांच्यामध्ये बरेच लोक आहेत, आणि सैन्यात मधला एकही रँक वगळता येत नाही. मी एकेक उतरू लागलो. लेफ्टनंट जनरल, मेजर जनरल. ब्रिगेडियरसाहेबांना सुबुद्धी आणि चांगलं आरोग्य. कर्नल, आपल्याकडे नसले तरी. मेजरसाहेब. सुभेदारसाहेबांपाशी आलो तेव्हा म्हटलं, "यांनी मला मुलासारखं वागवलं, मी यांना जे खरं ते सांगितलं नाही, तू मला क्षमा कर आणि यांना राख." मग हवालदार, नायक, लान्स नायक. ऊन चढलं होतं. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. शेवटी अण्णांसाठी मागितलं आणि आमेन म्हटलं.

केरळच्या आणि मिझोरामच्या पोरांनी आमेन म्हटलं. त्यांच्यामागून, अर्धा क्षण उशिराने, एक मोठं आमेन आलं. सुभेदारसाहेबांचं. शब्द त्यांना बहुधा कमांडसारखा वाटला असावा. निदान तेव्हा मी अशीच समजूत करून घेतली.

ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. असं बरेच दिवस चाललं. मग एका रविवारी मी सवयीने स्कूटरला किक मारत होतो तर ते समोर येऊन उभे राहिले.

"कहाँ?"

"साहब, शिवाजीनगर. वो सामान..."

"चर्च की गाड़ी खड़ी है. बैठ उसमें." त्यांनी स्कूटरच्या सीटवर थाप मारली. "इस बेचारी से बहुत झूठ उठवाया है तूने."

मी वनटनमध्ये चढलो. केरळच्या पोरांनी सरकून जागा दिली. एकजण म्हणाला, "वेलकम, महाराज."

पॅनेलमध्ये मी हवालदार झालो नाही. लोकांना वाटतं म्हणून मुद्दाम सांगतो, धर्माचा त्यात काही संबंध नव्हता. ट्रेड टेस्टमध्ये मी गिअरबॉक्सचा एक शाफ्ट उलटा बसवला होता. त्यानंतरच्या पॅनेलला झालो. शिफारस सुभेदारसाहेबांचीच होती.

पुढे आमची एक तुकडी काश्मीरला गेली. सुभेदारसाहेब कमांडर, मी त्यांच्या हाताखाली. सकाळी रिकव्हरीला निघण्याआधी ते सगळ्यांना गाड्यांसमोर उभं करत. एकजण हनुमानाचं नाव घेई, एकजण वाहेगुरूंचं. मग ते मला म्हणत, "चल जाधव, तेरा." माझी प्रार्थना तिथे छोटी झाली होती. थंडीत रँक मोजत बसायला कुणाला वेळ नव्हता.

एका सकाळी रस्त्यावर एक ट्रक बंद पडल्याचा मेसेज आला. पुढची गाडी मुरुगन चालवत होता. तमिळनाडूचा, लग्न ठरलेला, बोलका. त्याच्या बाजूला सुभेदारसाहेब. मागे रिकव्हरी व्हेईकलमध्ये मी. वळणाआधी त्यांचा आवाज रेडिओवर आला.

"सिएरा टू, सिएरा वन. पुलिया के पास रुकना. आगे मैं देख के बताता हूँ. ओव्हर."

"सिएरा वन, रॉजर. रुक गया. ओव्हर."

धूर आधी दिसला. स्फोटाचा आवाज नंतर आला.

"सिएरा वन, सिएरा टू. मेसेज. ओव्हर."

"सिएरा वन, सिएरा टू. मेसेज. ओव्हर."

मी बोलत राहिलो. आम्हाला कव्हर देणाऱ्या पार्टीतल्या एका जवानाने माझ्या हातातून हँडसेट काढून घेतला तेव्हा थांबलो.

दोघंही जागेवर गेले होते.

मुरुगनला त्याच्या गावी नेणारी पार्टी वेगळी होती. त्याच्या अंत्ययात्रेला मी जाऊ शकलो नाही, हे राहून गेलं ते राहूनच गेलं. त्याच्या आईला मी नंतर भेटलो. तिला हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं. ती माझा हात धरून बसली.

सुभेदारसाहेबांना घेऊन मी हिमाचलात गेलो. गाव उंचावर होतं. शेवटच्या चढावर गाडी जात नव्हती, तिथून आम्ही खांद्यावर नेलं. खाली ओढ्याकाठी चिता रचलेली होती. गावातले लोक आम्हा वर्दीवाल्यांकडे बघत होते. गार्डने सलामी दिली. गावच्या पंडितजींचे मंत्र झाले. धाकटा भाऊ अग्नी द्यायला पुढे आला, तेवढ्यात सुभेदारसाहेबांचे वडील काठी टेकत माझ्यासमोर उभे राहिले. डोळ्यांना कमी दिसत होतं. त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी बोटांनी चाचपली.

"जाधव तू है?"

"जी, बाबूजी."

"ईसाई?"

सगळे ऐकत होते. "जी, बाबूजी. ईसाई."

"रणबीर छुट्टी में बताता था. कहता था, मेरे लिए भी माँगता है." म्हातारा बाजूला सरकला. "माँग."

मी टोपी काढून चितेच्या पायथ्याशी उभा राहिलो. तिथे काय म्हटलं ते लिहीत नाही. मराठीत होतं आणि थोडं होतं. माझं संपेपर्यंत पंडितजींनी पेटता पलिता हाताने आडोसा करून, वाऱ्यापासून जपून धरला होता. मग त्यांनी तो भावाच्या हातात दिला.